सहलीचा ताप

मावशींच्या घरी जाणाऱ्याने पायाखाली बघून जावं. दारात चिमुकल्या चपलांचा सडा पडलेला असतो. उंबरठा ओलांडला की एक चाक निखळलेली खेळण्यातली गाडी, पुढे सतरंजीवर आडवंतिडवं झोपलेलं एक लेकरू, आणि स्वतः न झोपता त्यालाही झोपू न देणारं दुसरं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची फरशी घातलेली जागा, एवढाच पाळणाघराचा पसारा. पण गल्लीत कुणालाही पत्ता विचारा, माणूस नुसतं बोट दाखवून थांबत नाही, दारापर्यंत सोडायला येतो. कुणाचं मूल तिथे असतं, कुणी स्वतःच तिथे वाढलेलं असतं.

मावशींचा आवाज मोठा आणि तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की भल्याभल्यांची बोलती बंद. पण मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या बापाला त्या मुलासमोर एक अक्षर बोलत नाहीत. मुलाला बूट घालायला आत पिटाळतात आणि मग बापाची अशी हजेरी घेतात की दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत वेळेवर येतो. लेकराच्या देखत त्याच्या आईबापाची मान खाली जाता कामा नये, हा त्यांचा कायदा. तो त्यांनी कुठे शिकून आणलेला नाही. त्यांच्या लहानपणी दुकानदार त्यांच्या वडिलांशी ज्या आवाजात बोलायचा, तो आवाज अजून त्यांच्या कानात आहे.

मावशींना फुशारकी आवडत नाही असं कुणी म्हणणार नाही. चांगली आवडते. त्यातल्या त्यात एक गोष्ट त्या येईल त्याला सांगतात, पाणी देतानाच सांगतात. इतकी वर्षं पाळणाघर चालवलं, दर वर्षी सहल नेली, आणि पैशापायी एकही मूल मागे राहिलं नाही. पहिल्या वर्षाचा अपवाद सोडून, असं त्या पुढे जोडतात, कारण खरं बोलायचं असेल तर पूर्ण बोलावं, अर्धवट नको, असं त्यांचं म्हणणं.

त्या पहिल्या वर्षी मावशींनी सरळ माणशी एक आकडा सांगितला होता. जवळजवळ सगळ्यांनी भरला. एका मुलाला मात्र सहलीच्या सकाळीच ताप आला. मावशी संध्याकाळी काढा घेऊन त्याच्या घरी गेल्या, तर हा तापकरी जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंडी खेळतोय आणि त्याची आई दारात मान खाली घालून उभी. मावशी काय समजायचं ते समजल्या. काढा तिथेच ठेवून आल्या, म्हणजे आईचा शब्द खरा राहील. त्या रोगाला त्यांनी घरी येऊन काकांजवळ, म्हणजे आपल्या नवऱ्याजवळ, नाव दिलं, सहलीचा ताप. म्हणाल्या, याला औषध वैद्याकडे नाही, माझ्याकडेच शोधायला हवं.

त्यांनी शोधलेलं औषध असं. सहलीच्या महिनाभर आधी मावशी प्रत्येक घरी जातात आणि एकच प्रश्न विचारतात, "तुमचा हातभार काय?" पैसे किती, असं विचारत नाहीत. हातभार काय, असं विचारतात. मग शिवणकाम करणारी आई सगळ्यांना एकाच कापडाच्या टोप्या शिवते, म्हणजे गर्दीत आपलं पोर लांबून ओळखू येतं. ज्याची छोटी बस आहे तो कारखान्याच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या फेरीमधल्या वेळात गाडी आणतो. बेकरीवाले आजोबा आपल्या नातवासोबत बाकी सगळ्यांचेही पाव देतात. रात्रपाळीचा रखवालदार झोप न घेता तसाच गणवेशात येतो आणि मुलं चढताना-उतरताना मोजतो. मोजायची त्याला सवयच आहे. ज्याला यातलं काहीच जमत नाही, त्याच्यासाठी स्वयंपाकघरातल्या फळीवर पिठाचा जुना डबा असतो. ज्याला जमतं त्यालाही तो डबा मोकळाच. आत जायचं, पाणी प्यायचं, जमेल ते टाकायचं, झाकण लावायचं. तेवढ्या वेळात मावशी मागच्या बाजूला कपडे वाळत घालतात. कुणी किती टाकले ते त्यांना माहीत नसतं, आणि डब्यात कमी पडलं तर त्या आणि काका पदरमोड करून भरतात. तेही कुणाला माहीत नसतं.

यंदा काकांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. काका हे मावशींच्या अगदी उलट, दिवसभरात चार वाक्यं बोलणारे, आणि त्यातली तीन मुलांशी. शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा लावून ते कोपऱ्यात बसायचे आणि मुलं त्यांना गुप्तहेर म्हणायची. डोळे छान झाले, पण साठवलेलं सगळं त्या दोन डोळ्यांत गेलं. मावशींनी डबा उघडला आणि आतले पैसे दोनदा मोजले. दर वर्षीच्या तलावाच्या बागेच्या तिकिटांचं जमलं असतं, डिझेलचं नाही. पदराला हात लावावा तर पदरात काही नाही.

नेमक्या त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर बँकवाल्या बाईंचा निरोप आला. या बाई मोठ्या हुद्द्यावर, गल्लीत नव्या, आणि मनाने खरंच लोण्यासारख्या. त्यांची मुलगी पाळणाघरात सगळ्यात शांत. पावलांचा आवाज न करता यायची म्हणून तिला सगळे मनीमाऊ म्हणायचे. बाईंनी लिहिलं होतं, की मावशींवर यंदा आधीच खूप ताण आहे, तेव्हा सहल पूर्ण त्यांच्याकडून. मोठी गार गाडी, शहराबाहेरचं पाण्याचे खेळ असलेलं मैदान, जेवण तिथेच, आणि सगळ्यांना विकतच्या छान टोप्या. कुणीही काहीही करायचं नाही.

मावशींचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की मावशी, तुम्ही बसा. त्यांनी ग्रुपवर दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, देव तुमचं भलं करो. काकांनी काळ्या चष्म्याआडून विचारलं, "सगळ्यांना विचारलंस का?" मावशी म्हणाल्या, की फुकटच्या सहलीला कोण नाही म्हणतंय. काकांचं त्या दिवशीचं बोलणं तेवढ्यावरच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणवालीचा फोन आला. तिची भिंगरी, म्हणजे एका जागी क्षणभर न ठरणारी तिची मुलगी, तापाने फणफणली होती आणि सहलीला काही यायची नाही. सहलीला अजून चांगला आठवडा होता. मावशींनी काळजीने दोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. मग रखवालदाराचा निरोप आला, मुकादमाला बरं नाही. मुकादम म्हणजे त्याचा मुलगा, सगळ्या मुलांना रांगेत उभं करून हुकूम सोडणारा. यंदा तो मोठ्या शाळेत जाणार, म्हणजे त्याची ही शेवटची सहल, आणि गेला महिनाभर तो सहलीशिवाय दुसरं काही बोलला नव्हता. दुपारी बेकरीवाले आजोबा स्वतःच आले, नातवाला घशाचा त्रास आहे म्हणाले, आणि मावशींच्या नजरेला नजर न देता गेले.

मावशी भाजी चिरत होत्या. सुरी तशीच हातात राहिली. एकदम तिघांना, आणि तोही आठवडाभर आधी. हा ताप त्यांच्या ओळखीचा होता. फक्त यंदा तो पैसे मागितल्यामुळे आला नव्हता, हातभार नाकारल्यामुळे आला होता. आणि तो यायला दार त्यांनीच उघडून दिलं होतं, वर हात जोडल्याचं चित्र टाकून.

मुलं गेल्यावर मावशी शिवणवालीकडे गेल्या. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीवर गिऱ्हाइकांचे अर्धे शिवलेले झगे. तापकरी भिंगरी खाटेवर उड्या मारत होती. मावशी दिसताच आईच्या डोळ्यांचा इशारा झाला, आणि ती धपकन आडवी पडून कण्हायला लागली. इतकं बेमालूम कण्हणं मावशींनी क्वचित ऐकलं होतं. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला, गंभीरपणे मान हलवली आणि शेजाऱ्यांकडून आलं घेऊन यायला तिला पाठवलं. एवढा ताप असूनही ती एका दमात जिना उतरली.

मशीनच्या पायडलशेजारी एक पिशवी कोंबलेली होती. तिच्या तोंडातून पिवळ्या कापडाचे गोल तुकडे बाहेर डोकावत होते. टोप्यांचे. कापून, खुणा करून, अस्तर लावायला तयार ठेवलेले. बाईंचा निरोप येण्याआधीच ती कापून बसली होती. मावशी स्टुलावर टेकल्या. शिवणवालीने मशीनमधली दोऱ्याची बॉबिन काढली, परत बसवली, पुन्हा काढली.

"तुम्हाला आता काय कमी, मावशी," ती शेवटी म्हणाली. "गाडी मिळाली, जेवण मिळालं, टोप्यासुद्धा विकतच्या मिळाल्या. आमची गरज काय?"

"भिंगरीची आहे ना गरज."

"भिंगरी मला विचारते, आई, यंदा तू काय देणार? दर वर्षी त्या टोपीवर ती वर्षभर मिरवते. मी तिला काय सांगू? आपण यंदा काही नाही देणार, नुसतं घेणार?" तिने कापडाची पिशवी पायाने आणखी आत ढकलली. "त्या बाई वाईट नाहीत. मला ठाऊक आहे. पण मला ते जमणार नाही, मावशी. तुम्हीच आम्हाला ती सवय लावलीत."

मावशींच्या तोंडाचा पट्टा बंद पडलेला शिवणवालीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आपण लावलेलं झाड एवढं मोठं झालं की आता आपल्यालाच सावलीतून बाहेर ढकलतंय, असं काहीसं त्यांना वाटलं. राग यायला हवा होता. पण त्यांची छाती अभिमानाने भरून आली, अगदी ऊर फुटेल इतकी. एकेकाळी मान खाली घालून दारात उभ्या राहणाऱ्या आया होत्या, आणि ही बाई मान वर करून त्यांना नकार देत होती. त्या उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "टोप्या शिवायला घे. अस्तर जरा पातळ लाव, गेल्या वर्षी पोरांची डोकी घामाने भिजली."

तिथून त्या बँकवाल्या बाईंकडे गेल्या. वाटेत त्यांनी मनातल्या मनात चार प्रकारची सुरुवात जुळवली आणि बाईंनी दार उघडताच चारही विसरल्या. मग सरळच बोलल्या. हातभार म्हणजे काय ते सांगितलं, पिठाच्या डब्याचं सांगितलं, सहलीच्या तापाचं सांगितलं. चूक बाईंची नव्हती हेही सांगितलं. नव्या माणसाला हे सगळं आधी समजावून द्यायचं काम मावशींचं होतं, आणि त्या वेळी त्या दमल्या होत्या म्हणून आयतं पदरात पडलेलं त्यांनी घेतलं.

बाईंचा चेहरा पडला. आपण कुणाला दुखावलं या विचाराने त्या इतक्या कानकोंड्या झाल्या की मावशींनाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. मैदानाच्या आगाऊ पैशातले काही बुडतील, त्याचं काही नाही, म्हणाल्या. पण मग आता त्यांनी काय करायचं?

"तुमचा हातभार काय?" मावशींनी विचारलं. एवढ्या वर्षांचा सवयीचा प्रश्न, आपोआप तोंडातून गेला.

"मला काही येतच नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "शिवता येत नाही, पाव भाजता येत नाही. मला फक्त पैसे देता येतात."

"ते डब्यात टाका. मी कपडे वाळत घालत असेन. डब्यात कोण काय टाकतं ते मला आजपर्यंत दिसलेलं नाही, तुमचंही दिसणार नाही. पण ते झाले पैसे. सहलीच्या दिवसाचं काय? ओल्या कपड्यांची पिशवी धरायला माणूस नाही माझ्याकडे. काकांना डॉक्टरांनी ओझं उचलू नका सांगितलंय."

बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांची महत्त्वाची बैठक होती. आतल्या दारात मनीमाऊ उभी होती, नेहमीसारखी आवाज न करता आलेली, आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती काही मागत नव्हती. मागायची तिला सवयच नव्हती. मावशी मुद्दाम चपला शोधत बसल्या, म्हणजे आईलेकीला एकमेकींकडे बघायला वेळ मिळेल.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत ग्रुपवर मावशींचा निरोप गेला. त्या बोटाने टाईप करताना नेहमी मधलीच अक्षरं गाळतात, म्हणून काकांनी नव्या डोळ्यांनी तपासून दिला. त्यात लिहिलं होतं: माझी चूक झाली. सहल तलावाच्या बागेतच. टोप्या हव्यात, गाडी हवी, पाव हवेत, मोजणारा हवा. ज्यांना ताप आहे त्यांनी तो सहलीपर्यंत उतरवावा.

ताप भराभर उतरले. रखवालदाराने तर मुकादमाला बरं वाटत असल्याचं लिहून वर, मुलं नेमकी किती ते कळवा, असंही विचारलं. सहलीच्या सकाळी बेकरीवाल्या आजोबांच्या पावांच्या टोपल्या मावशींच्या दारात सगळ्यात आधी आल्या होत्या, आणि पाव नेहमीपेक्षा मोठे होते.

सहल कशी झाली ते काय सांगायचं. पिवळ्या टोप्यांची रांग बागेत शिरली तेव्हा तिकीटवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. छोट्या रेल्वेत मुकादमाने स्वतःच शिट्टी वाजवली आणि खऱ्या गार्डने ती वाजवू दिली. कारंज्याजवळ अर्धी टोळी भिजली. बँकवाल्या बाई दिवसभर ती पिशवी खांद्याला अडकवून फिरत होत्या. सकाळी त्या कपडे चिमटीत धरत होत्या, दुपारनंतर त्या मांडी घालून एकाची चड्डी बदलत दुसऱ्याला ओरडत होत्या, अगदी मावशींच्या सुरात. त्यांचे केस विस्कटले होते, कोपरापर्यंत चिखल होता. बैठकीचा फोन एकदा वाजला, तेव्हा त्यांचे दोन्ही हात भरलेले होते. तो वाजून वाजून बंद झाला.

परतताना गाडीत दर वर्षीचा कार्यक्रम झाला. तो कुणी ठरवलेला नाही, मुलांनीच पाडलेला पायंडा आहे. भिंगरी सीटवर उभी राहून म्हणाली, टोप्या माझ्या आईने शिवल्या. बसवाल्याचा मुलगा म्हणाला, गाडी माझे बाबा चालवतायत. बेकरीवाल्यांच्या नातवाने पावांचं सांगितलं, आणि मुकादमाने, की त्याच्या बाबांनी सगळ्यांना मोजलं नसतं तर निम्मे हरवले असते. मोजून दमलेला रखवालदार तोवर पुढच्या सीटवर घोरत होता. मग सगळी मुलं मनीमाऊकडे वळली. एरवी सगळे आपल्याकडे बघू लागले की ती खिडकीबाहेर बघायची. पुढे बसलेल्या तिच्या आईने मागे वळून पाहिलं नाही, पण तिची पाठ ताठ झालेली मावशींना दिसली.

मनीमाऊ उठली. टोपी नीट केली. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, तो आवाज तिच्यात आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, ती म्हणाली, "सगळ्यांच्या ओल्या चड्ड्या माझ्या आईने धरल्या."

गाडीत एकच हशा उसळला. भिंगरीने तिला कौतुकाने विचारलं, सगळ्यांच्या? मनीमाऊ म्हणाली, सगळ्यांच्या, तुझीसुद्धा. आणि मान वर करून बसली. पुढच्या सीटवर बँकवाल्या बाईंनी ती ओली पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती. त्यांची ओढणी भिजत होती, आणि त्या पिशवी खाली ठेवायला तयार नव्हत्या.